अख्खी फासळी

अक्षता: तू बाबांना पाठवलंस? मटणाच्या लाइनीत? धुळवडीच्या दिवशी?

देवेश: मी कुठे पाठवलं! मी दात घासत होतो, तेवढ्यात पिशवी घेऊन निघालेसुद्धा. पाय मोकळे करून येतो म्हणाले.

अक्षता: साडेसातला गेलेत. आता दहा वाजत आले. कसले एवढे पाय मोकळे होतायत? आणि तू मागोमाग जायचं सोडून परत आडवा झालास ना?

देवेश: सुट्टी आहे गं आज. आणि तू काल खाटकाला फोन करून सगळं सांगितलेलंस ना? बाबांनी फक्त पिशवी पुढे धरायची.

अक्षता: धुळवडीला नुसती पिशवी धरून चालत नाही. तिथे उभं राहून त्याच्या हाताकडे बघावं लागतं. तीनदा सांगितलंय त्याला, दोन अख्ख्या फासळ्या, सलग, सत्तूर लावायचाच नाही. त्याला वाटलं मी मस्करी करतेय. म्हणतो, ताई, अख्खी नेऊन काय भिंतीला टांगणार?

देवेश: हा हा! भारी बोलतो तो.

अक्षता: दात काढू नकोस. दीड वाजता दहा माणसं जेवायला येणार, आणि फासळीला ओव्हनमध्ये तीन तास लागतात. तीन! आधी आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलायचा, मग मसाला चोळायचा, मग फॉइलमध्ये गुंडाळून मंद आचेवर ठेवायची, आणि शेवटी सॉस लावून परत भाजायची. आता लावली तरच कशीबशी होईल.

देवेश: होईल गं. मागच्या रविवारची झकासच झाली होती की.

अक्षता: मागच्या रविवारची झाली. त्याआधीच्या आठव. पहिल्या वेळी चपला झाल्या होत्या. दुसऱ्या वेळी मी घाबरून आधी कुकरला लावली, पाच शिट्ट्या दिल्या, तर हाडं एकीकडे आणि नुसता लगदा एकीकडे. दोन महिने माझा एक रविवार माझा नाही, देवेश.

देवेश: मी तर तेव्हाच म्हटलं होतं, सरळ गच्चीवर शेगडी लावू. कोळशावर खरा बार्बेक्यू.

अक्षता: आणि सेक्रेटरीने किल्ली दिली असती ना तुला! धुराने त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांना वास लागतो म्हणे. जाऊ दे. मला गच्ची नको, शेगडी नको. मला एवढंच हवंय, की बाबांनी आज सगळ्यांबरोबर बसून जेवावं. बस.

देवेश: काल काय म्हणाले ते?

अक्षता: "बघूया." म्हणजे नाही. मुलुंडला माझ्या माहेरी थर्टी फस्टला ते झालं, तेव्हापासून हा माणूस चारचौघांत एक घास जेवलेला नाही. हळदीला गेलो तर पोट बिघडलं. बारशाला गेलो तर आज उपास. घरी आपण टेबलावर, आणि ते खोलीचं दार लावून गुरगुट्या भात खातात. आज तर गोराईला त्यांच्या दोस्ताकडे, मार्तंडकाकांकडे जायचा बेत आहे त्यांचा. बाराची होडी.

देवेश: तुझ्या पप्पांचं मटण पण ना, दगड होतं यार. माझीच दाढ दुखली होती. बाबांनी जोर लावला आणि कवळी निसटून ताटात पडली. होतं असं.

अक्षता: होतं. पण पप्पा एवढ्या मोठ्याने हसायला नको होते. आणि विकीला तर मी आजही माफ केलेलं नाही. तुझ्या आत्याचा मुलगा आहे म्हणून गप्प बसले. मोबाईल तयारच ठेवून बसलेला असतो तो. शूट करतो काय, सकाळी ग्रुपवर टाकतो काय!

देवेश: त्यालाच आज जेवायला बोलावलंयस.

अक्षता: सगुणाआत्या येणार म्हटल्यावर तो येणारच. आणि येऊ दे. बघू दे त्याला, बाबा कसे खातात ते. म्हणून तर सकाळी ग्रुपवर टाकलं मी.

देवेश: हो, वाचलं मी. "आज धुळवड स्पेशल बार्बेक्यू रिब्ज. इतक्या मऊ, की बाबासुद्धा कवळी न लावता खातील. लावा पैज!" आत्याने चार बदाम पाठवलेत. विकी म्हणतो, मामांचा पहिला घास बघायला मी पुढच्या सीटवर.

अक्षता: त्याला म्हणावं तोंड सांभाळ. बेल वाजली बघ. ते आले असतील. जा, पटकन घे पिशवी.

देवेश: बाबा! अहो हे काय, अर्धे हिरवे झालात तुम्ही!

लवू: खालच्या पोरांनी फुगो मारल्यानी. म्हटलंय, मारा रे, मटणाची पिशवी तेवढी सोडा. ही धर. जड आसा.

अक्षता: बाबा, तुम्ही आधी बसा. पाणी देते. देवेश, ती पिशवी ओट्यावर… हे काय? बाबा, हे काय आहे?

लवू: बकरो.

अक्षता: बकरा दिसतोय मला! पण फासळी कुठेय? हे सगळे तुकडे आहेत. एवढेएवढेसे! हे बघ देवेश, बोटाच्या पेराएवढे. वाट लागली. संपूर्ण वाट लागली माझी!

देवेश: अगं थांब, खाली असेल अख्खी. वरती दुसरं काहीतरी दिलं असेल.

अक्षता: खाली काही नाही. सगळं एकसारखं तोडलंय. त्या माणसाला मी तीनदा सांगितलं! मी आत्ता फोन लावते त्याला. धुळवड गेली खड्ड्यात.

लवू: गर्दी होती गो. फोन नाय उचलूचो तो.

अक्षता: उचलला. हॅलो, मी चारकोपवरून बोलतेय, सेक्टर आठ. काल फासळ्या सांगितल्या होत्या, अख्ख्या. तुम्ही तुकडे का… काय? कोणी? … नक्की त्यांनीच? … बरं. नाही, नाही, तुमची चूक नाही. ठेवते.

देवेश: काय म्हणतो?

अक्षता: म्हणतो, सकाळपासून दोन फासळ्या वेगळ्या काढून आकड्याला लावून ठेवल्या होत्या. म्हणतो, काकांना मी दोनदा विचारलं, काका, ताईंनी अख्खी सांगितली आहे, तोडू का? तर काका म्हणाले, तोड. बारीक तोड.

देवेश: बाबा?

लवू: सवय रे. सवयीन तोंडातून गेला.

अक्षता: सवय?

लवू: वनमालान लावलेली सवय. गिरणीच्या संपाच्या वर्सा धुळवडीक अर्धो किलो मटण आणलंय, आणि खोलीत माणसा अकरा. तुजी सासू म्हणाली, पेराएवढे तुकडे करून आणा, म्हंजे परत्येकाच्या वाटीत एक तरी पडतलो. तेव्हापासून मी खाटकाक दुसरा कायच सांगूक नाय.

देवेश: ऐकलंस? आईची सवय आहे ती. जाऊ दे ना. रस्सा करून टाक. वडे कर. सगळे खूश.

अक्षता: तू गप्प बस जरा. बाबा, मागच्या महिन्यात तुम्हीच मला दोनदा अख्खी फासळी आणून दिलीत. तेव्हा कुठे गेली होती ही सवय? आईंना मध्ये आणू नका.

लवू: ता पाणी दी गो आधी.

अक्षता: मुद्दाम केलंत ना तुम्ही?

लवू: होय.

देवेश: अहो बाबा, असं काय करता? ती बिचारी दोन महिने राबतेय. तुमच्यासाठी!

लवू: लायनीत माज्या फुडे सतरा माणसा होती. वेळ जायना, म्हणून मोबाईल काढलंय. तुजो मेसेज इलेलो. चष्मो घराकच रवलेलो. म्हणून बाजूच्या माणसाक म्हटलंय, वायच वाचून दाखव रे, सुनेन काय धाडल्यान ता बघ, आणखी काय आणूचा आसात.

अक्षता: अरे देवा.

लवू: त्येना वाचल्यान. मोठ्यान. इतक्या मऊ, की बाबासुद्धा कवळी न लावता खातील. लावा पैज. अख्खी लाईन हसली. फुडचो एक तर वळून माज्या तोंडाकडेच बघूक लागलो. खाटीक पण हसलो. त्याचो दोष नाय. मजाच होती ती.

देवेश: बाबा, ती खरंच मजाच होती. तिच्या मनात तसं काही…

लवू: देवेशा, तू खाली जा आणि बर्फ घेऊन ये.

देवेश: बर्फ आहे फ्रीजमध्ये. दोन ट्रे आहेत.

लवू: मगे तिसरो आण.

देवेश: जातो. पण तुम्ही दोघं भांडू नका हां. सणाचा दिवस आहे.

अक्षता: जा रे तू!

लवू: गेलो तो. आता बोल.

अक्षता: मी काय बोलू? तुम्ही बोला. शिव्या घाला मला.

लवू: शिव्यो कित्याक घालू? तू वायट इचार नाय केलंस. पण माका सांग, अख्खी फासळी दोन हातांत धरून मी खावक बसतलंय. समोर विकी. बाजूक तुजो बापूस. दहा जणांचे डोळे माज्या तोंडावर. म्हातारो चावता काय, गिळता काय, परत काय पडता काय. पैज लावलेली आसा माज्या तोंडावर. अशा वेळेक तुजो घास उतरात?

अक्षता: नाही.

लवू: बारीक तुकडे केले, म्हंजे रस्सो होतलो. रश्शाक कोण टाळी वाजवणा नाय. म्हणून तोडून आणलंय.

अक्षता: आणि स्वतः बाराच्या होडीने गोराईला जायचं.

लवू: होय. मार्तंडाकडे पेज मिळता. तेका पण दात नाय. दोघांक कोण बघणा नाय.

अक्षता: पण मला सांगायचं ना! एक शब्द बोलायचा! अडीच महिने तुम्ही दार लावून बसता, काही विचारलं की "बरा आसा, बरा आसा." मला कसं कळणार तुमच्या मनात काय चाललंय? मी काय करायचं होतं? डोकं फुटायची वेळ आलीय माझी. मी रोज तुमचा भात मऊ करते, वरण गाळून देते, आणि तुम्ही ताट धुऊन गुपचूप जागेवर ठेवता. सासऱ्याने ताट धुतलं की सुनेला काय वाटतं, ठाऊक आहे?

लवू: इचारूचा होता तू.

अक्षता: काय विचारायचं होतं? बाबा, तुम्हाला लाज वाटते का म्हणून?

लवू: ता नाय. बाबा, मी असा असा करतंय, तुमका चलात काय? एवढाच. मेसेज धाडूच्या आधी.

अक्षता: चुकलं माझं. आत्ता काढून टाकते तो मेसेज.

लवू: रवांदे. सगळ्यांनी वाचल्यानी. आता काढलंस तर आणखी चार जण इचारतीत, कित्याक काढलंस. आणि तुका एक सांगू? त्या थर्टी फस्टच्या व्हिडिओक तेवीस जणांनी हसणारी तोंडा लावलेली. बोट दाबून धरला की खाली नावा येतात. विकीनच शिकवल्यान माका ता.

अक्षता: बाबा…

लवू: अकराव्या नंबराक तुजा नाव.

अक्षता: तुम्हाला माहीत होतं? तेव्हापासून?

लवू: दुसऱ्या दिवशीच बघितलंय.

अक्षता: आणि बोलला नाहीत?

लवू: काय बोलू? सुनेक इचारू, गो, हसलंस कित्याक?

अक्षता: हसले मी. खोटं नाही सांगणार. घटना घडली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, मला काही दिसलं नव्हतं. सकाळी ऑफिसात व्हिडिओ उघडला आणि हसू आलं. बाजूला माणिक बसते, तिलाही दाखवला. दोघी हसलो. आणि संध्याकाळी घरी आले, तर तुमच्या खोलीचं दार बंद. आतून ताटलीवर चमच्याचा आवाज येत होता. तुम्ही कधी आयुष्यात चमच्याने भात खाल्ला नाहीत, बाबा. मी बॅग खांद्याला अडकवलेली तशीच उभी राहिले. तेव्हा कळलं मी काय केलंय ते. त्याच आठवड्याच्या रविवारपासून ही फासळी भाजतेय मी.

लवू: म्हंजे फासळी माज्यासाठी नाय. तुज्यासाठी.

अक्षता: असेल. हो, असेल. तुम्ही सगळ्यांसमोर एक घास खाल्लात, की माझं सुटलं, असंच वाटत होतं मला. आता तेही नाही. आता हा चुरा घेऊन काय करू मी? आणि वर हे बघा, हाडाच्या कपच्या! बारीक तोडलं की ह्या कपच्या येतात. हिरडीत घुसली एखादी म्हणजे?

लवू: रडतंस कित्याक? परात आण. वेचूया.

अक्षता: रडत नाहीये. राग आलाय मला. माझाच.

लवू: राग आसलो तरी परात आण.

अक्षता: ही घ्या. पण चष्मा लावा आधी.

लवू: कपचेक चष्मो नको. गिरणीत साचेखात्यात, मागांवर, मी सोळा वर्सा काढलंय. तुटलेलो धागो बोटाक आधी लागायचो, डोळ्यांक मागसून दिसायचो. ही बघ, एक. ही दुसरी. तू तुज्या बाजूचे बघ.

अक्षता: ह्यात मला काही नाही लागलं.

लवू: हय दी. ही काय, मांसात घुसलेली. डोळे झाकून बघ, लागतली.

अक्षता: लागली! केवढी बारीक आहे.

लवू: आता सांग, तुजा ता बार्बेक्यू कसा करतत? माका समजान सांग.

अक्षता: आता कशाला? अख्खी फासळी असती तर फॉइलमध्ये स्वतःच्याच रसात शिजली असती. एवढेसे तुकडे ओव्हनमध्ये सुकून कोळसा होतील.

लवू: ओव्हन बाजूक ठेव. म्हंजे मंद आच, झाकण घट्ट, आणि वाफ भायर जावची नाय. होय ना? मगे जाड बुडाचो टोप काढ. वर ताट ठेव, ताटात पाणी. आमच्या आवशीन कधी फॉइल बघूक नाय. रानातलो ससो सुद्धा असोच शिजवायची. वरचा पाणी गरम झाला, की तेच आत घालूचा. गार पाणी घालूचा नाय.

अक्षता: पण ती रश्शाची सागोती होईल, बाबा. बार्बेक्यू नाही. मी गूळ, टोमॅटो, कोकमाचं आगळ आणि तुमचा मालवणी मसाला घालून सॉस आटवून ठेवलाय रात्रीच. तो फुकट जाणार.

लवू: कित्याक फुकट? शिजल्यावर सुका कर आणि लाव सॉस. तव्यावर परत वायच करपव.

अक्षता: आणि धूर?

लवू: निखारो फुलव गॅसवर. वाटीत ठेव, वर तूप सोड आणि झाकण घाल. सेक्रेटरीक कळणा पण नाय.

अक्षता: दोन तास लागतील तरी. साडेदहा झाले. आपलं वेचून होईपर्यंत अकरा.

लवू: होतीत. बकरो कोवळो आसा. ता मी बघून घेतलंय. मी काय अगदीच दुश्मन नाय तुजो.

अक्षता: बाबा, मीठ मी आत्ता घालू की शेवटी?

लवू: आत्ता अर्धा. हळद लाव. आला, लसूण वाटलेला आसा ना? घाल सगळा.

देवेश: आलो मी. बर्फ कुठे मिळाला नाही. तुम्ही दोघं काय करताय? आणि बाबा, तुमचा फोन किती वेळ वाजतोय बाहेर. मार्तंडकाका आहेत. विचारतायत, निघालात का, बाराची होडी आहे.

लवू: तेका सांग, माजे हात खराब आसत.

देवेश: म्हणजे नंतरची होडी?

लवू: हात खराब आसत, एवढाच सांग.

देवेश: अक्षता, तुझे डोळे लाल का झालेत?

अक्षता: कांदा चिरला.

देवेश: कांदा कुठेय?

अक्षता: देवेश, तू खुर्च्या पुस. आणि माझा मोबाईल दे इकडे. बाबा, मी ग्रुपवर आणखी एक टाकू का? आधी वाचून दाखवते. "पैज रद्द. आज फक्त जेवण. सगळ्यांनी आपापले मोबाईल चपलांजवळ ठेवून आत यायचं. विकीने सगळ्यात आधी." चालेल?

लवू: विकी येवचोच नाय मगे.

अक्षता: नाही आला तर त्याच्या वाटणीचं उरेल. चालेल का ते सांगा.

लवू: धाड.

(दोन तासांनी. टोपावरच्या ताटातलं पाणी दोनदा आत घालून झालं आहे.)

अक्षता: बाबा, या जरा इकडे. सॉस लावून तव्यावर परतलं, निखाराही दिला. वास तर बरा येतोय. पण मला समजतच नाहीये आता. मी सकाळपासून वास घेऊन घेऊन आंधळी झालेय.

लवू: रंग बरो इलो.

अक्षता: रंगाचं राहू दे. शिजलंय का ते सांगा. माझे दात शाबूत आहेत, मला काय कळणार?

लवू: मी खाऊ?

अक्षता: तुमची इच्छा असली तर. नाहीतर मी देवेशला देते.

लवू: तेका दगड दिलो तरी मऊ म्हणतलो. एक ह्यो दी. नाय, ह्यो बरगडीचो, मांसाचो. आता तू तकडे तोंड कर.

अक्षता: काय?

लवू: तकडे. खिडकीकडे बघ. कवळी काढतंय मी.

अक्षता: बघतेय खिडकीकडे.

लवू: वळूचा नाय.

अक्षता: नाही वळत. खाली पोरं अजून रंगच खेळतायत… बाबा? झालं?

लवू: थांब.

अक्षता: कठीण आहे का? नसेल होत तर टाकून द्या, मला काही वाटणार नाही. खरंच. मी आत्ता वरण गरम करते.

लवू: गप रव गो जरा.

अक्षता: बरं. पोरांकडेच बघतेय.

लवू: सुटला हाडापासून. जिभेन सुटला.

अक्षता: खरं? माझ्या समाधानासाठी सांगू नका हां, बाबा. तसलं मला नकोय.

लवू: मीठ कमी आसा.

अक्षता: तुम्हीच म्हणालात अर्धं घाल!

लवू: उरलेला अर्धा कोण घालतलो? आता बघ हकडे. लावली कवळी.

अक्षता: हाड कुठेय?

लवू: ह्या बघ. कायच रवूक नाय त्येच्यार.

अक्षता: किती महिन्यांनी मटण खाल्लंत.

लवू: आणखी एक दी. आणि तकडे बघ.

देवेश: अगं, सगळे आले! आत्या, तुझे मम्मी-पप्पा, विकी, सगळे. मोबाईल खरंच चपलांजवळ ठेवलेत. विकीचं तोंड बघायला हवं होतंस तू. पण बाबांना विचारतायत. पप्पा म्हणाले, लवूराव माझ्या बाजूला बसणार, मला त्यांच्याशी बोलायचंय. काय सांगू? गोराईला गेले म्हणू?

अक्षता: बाबा सांगतील काय ते. मी काही बोलणार नाही. तुम्ही सांगाल तसं, बाबा. खोलीत ताट दे म्हणालात तर खोलीत देते. आत्ता, गरम गरम.

लवू: देवेशा, त्येंका सांग, लवूराव घरात आसत. आज वाढूक मी आसंय. तुज्या सासऱ्यांक, शरच्चंद्रांक म्हण, पयलो तुकडो मीच घालतलंय तुमच्या ताटात. बसा.

देवेश: तुम्ही वाढणार?

लवू: कित्याक, वाढूक दात लागतत?

देवेश: नाही, नाही. सांगतो. बसवतो सगळ्यांना.

अक्षता: पण मग तुम्ही कधी जेवणार, बाबा? ते सगळे आता तासभर हलणार नाहीत.

लवू: तू कधी जेवतंस? असा माणसा इली म्हणजे?

अक्षता: मी काय, सगळ्यांचं झालं की. इथेच, ओट्याशी. उभ्या उभ्या उरकते.

लवू: अकरा वर्सा झाली तुजा लगीन होऊन. अकरा वर्सा उभ्यान जेवतंस?

अक्षता: त्यात काय एवढं? सगळ्याच जेवतात. आई पण तशाच जेवायच्या.

लवू: होय. ता पण मी बघूक नाय कधी.

अक्षता: चला बाबा, ते वाट बघतायत. मोठं ताट घेऊ का वाढायला?

लवू: घे. आणि हय माजा ताट तुज्या ताटाच्या बाजूक काढून ठेव. दोन खुर्च्यो आण आतसून. उभ्यान कोणीच जेवचा नाय.